खांब सोडून उभं राहायचं

आमच्या घरात 'महालक्ष्मी' या शब्दाला दोन अर्थ होते. आईच्या तोंडी आला की देवी, आणि आजीने आवाज खाली करून उच्चारला की रेसकोर्स. "गेला महालक्ष्मीला," असं आजी म्हणाली की आम्हा मुलांना कळायचं, मामा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडलाय आणि आता संध्याकाळपर्यंत त्याच्याबद्दल काही विचारायचं नाही.

मामा आमच्याच खोलीत राहायचा, डिलाईल रोडच्या चाळीत. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला होता. लग्न केलं नाही. पगार झाला की आधी आईच्या हातावर घरखर्च ठेवायचा, आणि उरलेल्यातले काही पैसे नोव्हेंबर ते एप्रिल रेसला जायचे. कधी जिंकला तर पेढे आणायचा, हरला तर नुसता आंघोळ करून झोपायचा. चाळीत त्याला कोणी वाईट म्हणत नव्हतं, पण 'रेसला जातो' या दोन शब्दांनी त्याची दोन-तीन स्थळं मोडली, हे मी मोठी झाल्यावर आईकडून ऐकलं.

मी नऊ वर्षांची असेन. डिसेंबरातली सकाळ. मामा रात्रपाळी सुटून आला, चहा घेतला आणि झोपायच्या ऐवजी मला म्हणाला, "चल, घोडे बघायला." आजी काही बोलायच्या आत आम्ही जिन्यावर होतो. पागेत त्याचा एक गाववाला कामाला होता, त्याच्या ओळखीवर आम्ही आत शिरलो आणि रेलिंगला टेकून उभे राहिलो. धुकं होतं. आधी काहीच दिसलं नाही. मग पायाखालची जमीन बोलायला लागली. आवाज कानाने ऐकायच्या आधी तळपायाला कळला, आणि धुक्यातून तीन घोडे एकदम बाहेर आले, आमच्यापासून दहा-बारा हातांवरून गेले, आणि त्यांच्या मागे उरला नुसता ओल्या मातीचा आणि घामाचा वास. मी मामाचा हात इतका घट्ट धरला होता की त्याने हसून बोटं सोडवून घेतली.

त्या दिवशी त्याने एक पैसाही लावला नव्हता. सकाळच्या सरावाला पैसे लावायचे नसतातच. तो फक्त बघायला आला होता, आणि नंतर मला कळलं की तो कितीतरी सकाळी असाच येऊन जायचा.

मामाचे वडील म्हणजे माझे आजोबा साताऱ्याला टांगा चालवायचे. त्यामुळे रेसबुकात घोड्याचा रंग इंग्रजीत काहीही छापलेला असो, मामाचे शब्द टांग्याच्या अड्ड्यावरचे असायचे. तांबूस अंग आणि काळी आयाळ असली की 'कुमाईत'. करडा असला की 'सब्जा'. चारही पाय आणि तोंड पांढरं असलं की 'पंचकल्याणी', आणि हे म्हणताना त्याचा हात आपोआप कपाळाकडे जायचा. घोडा हळू पळाला तर 'दुडकी', सुटला तर 'चौखूर'. घोड्याची निगा राखणाऱ्याला सगळे साईस म्हणायचे, मामा मोतद्दार म्हणायचा. पागा, नालबंद, खोगीर, रिकीब, लगाम. हे सगळे शब्द आपल्याकडे मराठ्यांच्या घोडदळातून आले, टांग्यावर बसून शहरात उतरले, आणि मुंबईत त्यांना शेवटचं घर मिळालं ते या मैदानावर. मला अजूनही वाटतं की मराठीतल्या घोड्यांच्या शब्दांचा कोश करायचा तर तो पागेत बसून करावा.

त्याच सकाळी, उन्हं वर आल्यावर, त्याने पलीकडे बोट दाखवलं. धुक्यातून एक लांबच लांब इमारत वर येत होती. पुढची बाजू पूर्ण उघडी. उतरतं छप्पर, बारीक उंच खांब, आणि आत पायऱ्याच पायऱ्या. "रविवारी मी तिथं असतो," तो म्हणाला. मग थोडं थांबून, अगदी कामाची गोष्ट सांगावी तसं म्हणाला, "खांब सोडून उभं राहायचं. घोडा दिसला पाहिजे."

पुढे मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग शिकले आणि आयुष्यभर तेच केलं. शेकडो इमारतींचे प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन काढले. पण इमारतीबद्दलचं सगळ्यात अचूक वाक्य मला त्या दिवशी गिरणीत रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाने सांगितलं होतं, असं मला मनापासून वाटतं.

रेसकोर्सची ती जमीन मुळात जमीन नव्हतीच. मुंबईच्या बेटांच्या मधून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि महालक्ष्मीपासून भायखळ्यापर्यंतचा सखल भाग चिखलात जायचा. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात समुद्राला बांध घातला गेला, तो १७८४ च्या सुमाराला पुरा झाला. हॉर्नबी व्हेलार्ड म्हणतात तो हाच. बांध पुन्हा पुन्हा ढासळायचा, मग काम बघणाऱ्या रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थांना स्वप्नात देवी दिसली, खाडीतून मूर्ती वर काढल्या, आणि मग बांध टिकला, ही गोष्ट मुंबईतल्या प्रत्येक आजीला पाठ असते. आमच्याही होती. देवळाची आजची इमारत १८३१ ची, धाकजी दादाजींनी बांधलेली. म्हणजे आजीची महालक्ष्मी आणि मामाची महालक्ष्मी एकाच बांधामुळे उभ्या आहेत. आजीला हे सांगायला हवं होतं.

पाणी हटलं तरी 'फ्लॅट्स', म्हणजे तो सखल पट्टा, बरीच वर्षं दलदलीचाच राहिला. शर्यती तेव्हा भायखळ्याला व्हायच्या, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून. आखातातून जहाजांवरून अरबी घोडे मुंबई बंदरात उतरायचे, इथल्या तबेल्यांत विकले जायचे, आणि लष्करी अधिकारी, व्यापारी, पहिले आगाखान अशा मंडळींना त्यांचा नाद होता. शहर भायखळ्याच्या अंगावर चालून आलं तेव्हा शर्यतींना मोकळी जागा हवी झाली, आणि १८८३ मध्ये महालक्ष्मीच्या त्या सखल जागेत नवं रेसकोर्स उभं राहिलं. मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सच्या धर्तीवर ते आखलं, असं सांगतात. आजही पावसाळ्यात ती जमीन आपलं मूळ विसरत नाही. पाऊस लागला की घोडे पुण्याला जातात, कॅम्पातल्या १८३० पासूनच्या रेसकोर्सवर, आणि महालक्ष्मीचं मैदान चार महिने नुसतं पाणी पीत बसतं. भोवतालच्या वस्त्यांना या पाणी पिण्याची किंमत कळते. सिमेंटखाली गेलेली जमीन पाणी पीत नाही.

आता त्या स्टँडबद्दल, म्हणजे मामाने बोट दाखवलेल्या त्या पायऱ्यांच्या इमारतीबद्दल, कारण खरं मला त्याच्याबद्दलच सांगायचंय.

बहुतेक इमारती माणसाला आत घेतात. दार असतं, भिंत असते, आत गेल्यावर बाहेरचं जग मागे राहतं. रेसकोर्सचा स्टँड याच्या उलट्या विचाराने बांधलेला असतो. त्याचा सगळा जीव बाहेर असतो, समोरच्या हिरव्या पट्ट्यात. पायऱ्या, छप्पर, खांब, कठडा, हे सगळं अडीच मिनिटांच्या एका दृश्यासाठी मांडलेलं असतं. पायरीची उंची कशावरून ठरते? पुढच्या माणसाच्या टोपीवरून नजर जायला हवी यावरून. छपराचा उतार कशावरून? ऊन डोळ्यांत येऊ नये आणि तरी मैदान कापलं जाऊ नये यावरून. खांब इतके सडपातळ का? कारण एकोणिसाव्या शतकात एवढ्या रुंद छपराला पुढच्या बाजूने आधार दिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि पुढचा प्रत्येक खांब मागे बसलेल्या माणसाचा एक घोडा गिळतो. दगडी खांब असते तर निम्मी शर्यत दगडामागे गेली असती. लोखंडाने हा प्रश्न मिटवला नाही, पण हातभर रुंदीचा अडथळा चार बोटांवर आणला. पुढे काँक्रीटचे झुलते स्लॅब आले, पुढचे खांब गेले, दृश्य मोकळं झालं. सोय झाली हे खरं, पण मला ते लोखंडी खांबच आवडतात. इंजिनिअरने किती ओझं पेलायचं आणि किती कमी दिसायचं याचा केलेला हिशेब त्या खांबात डोळ्यांना दिसतो.

एकदा मी त्यातला एक खांब अगदी जवळून पाहिला. कठड्याजवळ रंगाचा पोपडा निघाला होता. नखाएवढ्या त्या जागेत रंगांचे थर दिसत होते, वर पांढरा, खाली मळकट पांढरा, मग हिरवट, मग शेंदरी प्राइमर, आणि तळाशी काळं लोखंड. कमरेच्या उंचीवर खांब गुळगुळीत झाला होता. तिथे किती जणांनी हात ठेवला असेल, किती जणांनी शेवटच्या फर्लांगात तो घट्ट पकडला असेल. पायऱ्यांच्या कडाही मध्यभागी झिजलेल्या होत्या, बाजूला कमी. प्रत्येक पायरीवर माणूस आपसूक खांब सोडूनच उभा राहिला होता, आणि त्याने कुठे पाय ठेवला ते दगडावर उमटलं होतं.

स्टँडला दोन तोंडं असतात, हेही बाहेरून कळत नाही. मागच्या बाजूला पॅडॉक, झाडांच्या सावलीत गोल फिरणारे घोडे. तिथे सगळं संथ. मालक, ट्रेनर, जॉकी उभे, मोतद्दार लगाम धरून चालतोय, आणि लोक कठड्याला टेकून घोड्याची चाल, त्याचा घाम, त्याचे कान बघतायत. मामाचा कानांवर भारी विश्वास. "कान मागे पाडलेला घोडा आज पळणार नाही," म्हणायचा. मग तिथून टोटाच्या, म्हणजे पैसे लावायच्या, खिडक्या किंवा बुकींचे ठेले, विन, प्लेस, टनाला, जॅकपॉट अशा पैजा, आणि मग धावत पुढच्या बाजूला, पायऱ्यांवर. दर अर्ध्या तासाने हजारो माणसं इमारतीच्या एका तोंडातून दुसऱ्या तोंडाकडे वाहतात आणि परत येतात, भरती-ओहोटीसारखी. रिकाम्या दिवशी प्लॅन काढायला बसलं तर हे अजिबात दिसत नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितलं की घोड्यांची शर्यत मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. मामा तोवर गेला होता. त्याने ही बातमी आजीच्या फोटोसमोर मोठ्याने वाचून दाखवली असती.

आणि एक गोष्ट लपवून चालणार नाही. ही वास्तू माणसांना वेगळं करण्यासाठीही बांधली होती. मेंबरांचा स्टँड वेगळा, पहिलं एन्क्लोजर वेगळं, दुसरं वेगळं. गेट वेगळं, तिकीट वेगळं, शर्टाची अपेक्षाही वेगळी. शेवटची रेषा, जिथे शर्यतीचा निकाल लागतो, ती कोणाच्या डोळ्यांसमोर येणार हे तिकिटावर ठरायचं. मामा आयुष्यभर दुसऱ्या एन्क्लोजरमध्ये उभा राहिला. घोडा समोरून जाताना तो सगळ्यांत जास्त वेगात असतो आणि कोण जिंकलं ते दिसत नाही, ते पलीकडच्या आरड्याओरड्यावरून कळतं, असं तो सांगायचा. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. मला मात्र ते आठवलं की अजून त्रास होतो.

तरी घोड्याच्या पाठीवर मात्र आपली माणसं होती. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही नावं मामा क्रिकेटपटूंची घ्यावीत तशी घ्यायचा. इंडियन डर्बी ही इथली सगळ्यात मानाची शर्यत १९४३ मध्ये सुरू झाली, पहिलीच बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुलने जिंकली, वर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. पुढे आपले जॉकी आले आणि पेसी श्रॉफने जॉकी म्हणून आठ वेळा ती शर्यत मारली. शिवकालात स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. रेसकोर्सवर हा फरक जसाच्या तसा आहे, फक्त शिलेदार आता स्टँडमध्ये बसतात. चोवीसशे मीटर जीव धोक्यात घालून जातात ते सगळे बारगीर.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मामाची गिरणी परत सुरू झाली नाही. त्याने एका गोडाऊनवर रात्रीची राखण धरली आणि रेसला जाणं एका दिवसात थांबवलं. आजी म्हणाली, देवीने ऐकलं. पण सकाळचं जाणं त्याने सोडलं नाही. रात्र संपली की तो थेट घरी न येता तासभर रेलिंगला उभा राहून यायचा. आईला ठाऊक होतं. तिने कधी आजीला सांगितलं नाही, आणि त्याचा चहा रोज तासभर उशिराच टाकला.

घोड्यांच्या या जगातून शहराला जे मिळालं त्यात एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म १९४६ पासूनचा. तिथले निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे, कारण धनुर्वात, सर्पदंश अशांवरचा सीरम घोड्याच्या रक्तापासून तयार होतो. त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली. माझ्या लहानपणी गुडघा फुटला की जे इंजेक्शन टोचत, त्यामागे कुठेतरी पळून थकलेला एखादा कुमाईत असू शकत होता. मामाला हे कळलं असतं तर त्याने दंडावर हात फिरवून नमस्कार केला असता.

रेसकोर्सच्या जागेचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा १९१४ चा, तो २०१३ मध्ये संपला. मग दहा-अकरा वर्षं वाद. २०२४ मध्ये ठरलं ते असं: २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेकडे, सगळ्यांसाठी उद्यान म्हणून, आणि ९१ एकर शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबकडे २०५३ पर्यंत. मुंबईसारख्या शहरात १२० एकर मोकळी जमीन लोकांची होणार याचा मला आनंदच आहे. डिलाईल रोडच्या पोरांना खेळायला जिना आणि गच्ची सोडून काही नव्हतं, मी त्यातलीच एक. त्या जमिनीवर माझा हक्क आहे असं मला नेहमी वाटत आलं, आणि तो फक्त रेलिंगबाहेरून बघण्याचा नसावा असंही.

पण स्टँडची काळजी वाटते. तो ग्रेड दोन-ब वारसा वास्तू म्हणून यादीत आहे, म्हणजे त्याला सहजासहजी कोणी हात लावू शकत नाही. छप्पर जपलं जाईल, खांब रंगवले जातील. मात्र यादी इमारतीला जपते, इमारत ज्याकडे बघते त्याला जपत नाही. चेन्नईच्या गिंडीचं रेसकोर्स १७७७ पासूनचं, २०२४ च्या सप्टेंबरात सरकारने त्याला सील ठोकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सिंगापूरच्या टर्फ क्लबने शेवटची शर्यत घेतली, १८४२ पासूनची परंपरा एका दुपारी बंद झाली. घोडे गेल्यावर तिथल्या पायऱ्यांवर बसलेला माणूस कशाकडे बघणार? देवळातून मूर्ती हलवली तरी देऊळ उभं राहतं, त्याला गाभारा असतो. स्टँडचा गाभारा समोरच्या मैदानात आहे. तिथे उद्या पार्किंगची रांग दिसली, किंवा झाडांच्या नावाखाली लावलेली सिमेंटची कुंडी दिसली, तर तो नुसता जिना राहील, वर कुठेच न जाणारा.

म्हणून उद्यानाचे नकाशे काढणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे. सरळ धावेचा पट्टा आणि स्टँड यांच्यामध्ये डोळ्याच्या उंचीवर काहीही येऊ देऊ नका. शर्यत नसेल त्या दिवशी पायऱ्या उघड्या ठेवा, तिन्ही एन्क्लोजरच्या, एकच गेट ठेवून. पोरांना तिथे बसून डबा खाऊ द्या. पागेजवळ एक पाटी मराठीत लावा, त्यावर मोतद्दार, नालबंद, कुमाईत, पंचकल्याणी हे शब्द असू द्या, आणि जॉकींची नावंही. सकाळच्या सरावाची वेळ मात्र घोड्यांचीच राहू दे.

गेल्या फेब्रुवारीत मी डर्बीला गेले. त्या धुक्यातल्या सकाळीनंतर पंचावन्न वर्षांनी, रेसच्या दिवशी पहिल्यांदाच. तिकीट काढताना मुलीने विचारलं, "आई, पहिल्या एन्क्लोजरचं काढू ना?" मी म्हटलं, दुसऱ्याचं. गर्दी दाट. पुढ्यात कोणाच्या खांद्यावर लहान मुलगा, मागे कोणी मोठ्याने फेवरिटचा भाव सांगतंय. पलीकडे, जिथे मामाच्या काळी गिरण्यांची धुराडी दिसायची, तिथे आता काचेचे टॉवर. घोडे गेटात जाताना गर्दीचा आवाज विरला. मग फाटक उघडल्याचा तो कोरडा खटका, आणि सगळे जण एकदम उठले. पायऱ्या पायाखाली हलल्या.

शेवटच्या वळणावर घोड्यांचा झुबका आला तेव्हा माझ्या समोर एक खांब होता. मी दोन पावलं उजवीकडे सरकले.